‘ऑपर्च्यून’: एका इंग्रजी विशेषणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकणाऱ्या आणि इंग्रजीत रोज पत्रं, अहवाल लिहिणाऱ्या मराठी माणसांबरोबर माझी बरीच वर्षं गेली. ‘ऑपर्च्युनिटी’ सगळ्यांना येतो. तिचं विशेषण ‘ऑपर्च्यून’ मात्र बहुतेकांनी नुसतं वाचलेलं असतं, आणि वापरायची वेळ आली की हात आखडतो किंवा भलताच शब्द पडतो. त्यावर मला आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम फारसा लावलेला नाही, हवा तो प्रश्न आधी वाचा.

‘ऑपर्च्यून’ म्हणजे नेमकं काय?

एखाद्या कामासाठी अनुकूल असलेली (वेळ), किंवा अशा वेळी घडलेली (गोष्ट). ‘ॲन ऑपर्च्यून मोमेंट’ म्हणजे मोक्याचा क्षण. ‘ॲन ऑपर्च्यून रिमार्क’ म्हणजे नेमक्या वेळी केलेलं, समयोचित बोलणं.

व्याख्येत ‘एखाद्या कामासाठी’ हे दोन शब्द आहेत ना, सगळी मेख तिथे आहे. नुसती चांगली वेळ म्हणजे ऑपर्च्यून वेळ नव्हे. हा शब्द दिसला की लगेच ‘कशासाठी?’ असं विचारायचं. उत्तर मिळालं तर शब्द बरोबर पडलाय. उत्तरच नसेल तर तिथे दुसरा कुठला तरी शब्द हवा होता. खालचे निम्मे प्रश्न या एका कसोटीवर सुटतात.

शब्द आला कुठून?

समुद्रावरून. लॅटिनमध्ये ‘पोर्तुस’ म्हणजे बंदर, आणि ‘ओब’ म्हणजे कडे, दिशेने. या दोहोंपासून ‘ओप्पोर्तूनुस’ हे विशेषण झालं. ते मुळात वाऱ्याचं विशेषण: बंदराकडे नेणारा वारा. शिडाच्या जहाजावरच्या माणसाला वारा जोराचा की मंद, यापेक्षा तो आपल्याला धक्क्याकडे नेतोय की खोल पाण्यात, याची चिंता जास्त. तोच वारा बंदरात शिरणाऱ्याला ‘ओप्पोर्तूनुस’, आणि त्याच घटकेला बंदरातून बाहेर पडू पाहणाऱ्याला अडसर. म्हणजे ‘कशासाठी?’ हा प्रश्न मी पदरचा घातलेला नाही, तो शब्दाच्या जन्मातच आहे.

पुढे वारा गळाला, अनुकूलपणा उरला, आणि फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. ‘ऑपर्च्युनिटी’ चौदाव्या शतकाच्या अखेरीस आली, ‘ऑपर्च्यून’ही त्याच सुमारास.

रोमन लोकांचा बंदरांचा एक देवही होता, पोर्तूनुस. १७ ऑगस्टला त्याचा ‘पोर्तुनालिया’ नावाचा सण असे. रोममध्ये टायबर नदीजवळ त्याचं छोटं देऊळ अजून उभं आहे. गंमत अशी की बराच काळ लोक ते देऊळ फोर्तूना या दैवाच्या देवीचं समजत होते. ‘ऑपर्च्यून’ आणि ‘फॉर्च्यून’ यांची आजही लोक गल्लत करतात. ती गल्लत दगडी खांबांइतकी जुनी आहे म्हणायची! शब्द म्हणून दोघांचं काही नातं नाही. एकाच्या पोटात बंदर आहे, दुसऱ्याच्या पोटात नशीब.

आपल्याकडचे शब्दही या निमित्ताने उघडून पाहण्यासारखे आहेत. ‘संधी’ म्हणजे सांधा, दोन गोष्टी जुळतात ती जागा. ‘मोका’ अरबीतून आला, त्याच्या मुळाशी पडणं, घडणं हा अर्थ आहे. आणि आपली रोजची ‘वेळ’? संस्कृत ‘वेला’ म्हणजे मर्यादा, समुद्राचा किनारा, भरती-ओहोटी, आणि काळसुद्धा. म्हणजे आपल्याही वेळेला खाऱ्या पाण्याचा वास आहेच. इंग्रजीत ‘टाइड’ या शब्दाचा जुना अर्थ ‘वेळ’ असाच होता. ‘टाइम अँड टाइड’ या जोडीत तो भरतीचा नाही, वेळेचा आहे.

उच्चार कसा करायचा?

दोन चालतात. अमेरिकन माणूस शेवटच्या अवयवावर (म्हणजे उच्चारातल्या शेवटच्या तुकड्यावर) जोर देऊन ‘आपर्टून’च्या जवळपास म्हणतो. ब्रिटिश उच्चार ‘ऑपट्यून’, ‘ऑपच्यून’ असा, त्यात मधला ‘र’ ऐकूच येत नाही, आणि जोर पहिल्या किंवा शेवटच्या अवयवावर. मी इथे सोयीसाठी ‘ऑपर्च्यून’ लिहितो आहे.

एक चूक मात्र टाळा. ‘ऑपर्च्युनिटी’त जोर ‘च्यु’वर असतो, शेवटच्या ‘टी’वर नाही. ती सवय एकदा लागली की विशेषणही आपोआप नीट येतं.

स्पेलिंगमध्ये दोन ‘पी’ का? मी नेहमी एकच लिहितो.

कारण तिथे संधी आहे. व्याकरणातली संधी! तत् + लीन याचं आपण ‘तल्लीन’ करतो, उत् + लास याचं ‘उल्लास’. तसंच ‘ओब’च्या पुढे ‘पोर्तुस’ आल्यावर ‘ब’चा ‘प’ झाला आणि दोन ‘प’ शेजारी बसले. ‘अपोज’ आणि ‘अप्रेस’ या शब्दांतही हाच ‘ओब’ आणि हीच संधी, म्हणून तिथेही दोन ‘पी’. ओ, पी, पी, ओ, आर, टी, यू, एन, ई. ‘पोर्ट’ हे अख्खं बंदर मध्ये दिसतंय ना? त्याच्या आधी ‘ओ, पी’. मग एक ‘पी’ कधी गळणार नाही.

‘ऑपर्च्यून’ म्हणजे ‘वेळेवर’ असं म्हटलं तर चालेल का?

नाही. ‘वेळेवर’ला ‘ऑन टाइम’ आहे, माणूस वक्तशीर असेल तर ‘पंक्च्युअल’ आहे. दहाची गाडी दहाला आली तर ती वेळेवर आली, ऑपर्च्यून नाही झाली. ‘वेळेवर’ घड्याळाकडे पाहून ठरतं. ‘ऑपर्च्यून’ ठरतं परिस्थितीकडे पाहून. गाडी वीस मिनिटं उशिरा आली आणि त्यामुळेच धावतपळत आलेल्या तुम्हाला ती मिळाली, तर तो उशीर तुमच्यापुरता ऑपर्च्यून. फलाटावरच्या बाकी सगळ्यांसाठी तो नुसता उशीर.

जुन्या ग्रीकांनी यासाठी दोन वेगळे शब्दच ठेवले होते. ‘क्रोनोस’ म्हणजे वाहणारा, मोजता येणारा काळ, आणि ‘कायरोस’ म्हणजे योग्य घटका. लिसिप्पोस या शिल्पकाराने कायरोसची मूर्ती घडवली होती, तिला कपाळावर झुलणारी बट आणि मागून टक्कल. समोरून येताना बट धरता आली तर धरा, एकदा पुढे गेला की मागून हाताला काही लागत नाही. ‘ऑपर्च्यून’ हे विशेषण या टक्कलवाल्याच्या बाजूचं, घड्याळाच्या बाजूचं नव्हे.

मग ‘टाइमली’? तोही ‘वेळीच’ असाच आहे ना?

हो, ‘वेळीच’ हे त्याचं फार चांगलं मराठी आहे, आणि फरकही त्या ‘च’मध्येच आहे. ‘टाइमली’मध्ये उशीर झाला असता तर बिघडलं असतं ही धास्ती असते. टाइमली हेल्प, टाइमली वॉर्निंग, टाइमली ट्रीटमेंट. ‘ऑपर्च्यून’मध्ये धास्ती नसते, अनुकूलता असते. आग लागल्यावर बंब वेळीच आला तर ‘द अरायव्हल वॉज टाइमली’. दोन भाऊ हमरीतुमरीवर यायच्या बेतात आहेत आणि तेवढ्यात फोन वाजला, विषय निवळला, तर तो ‘ॲन ऑपर्च्यून इंटरप्शन’. फोन आला नसता तर कदाचित काही झालंही नसतं, पण आला ते बरं झालं.

दोन्ही बसतील अशा जागाही असतात. पाहुण्याचं येणं टाइमलीही असू शकतं आणि ऑपर्च्यूनही. तिथे डोकं खाजवत बसू नका. पण ‘इन अ टाइमली मॅनर’ हा ठरलेला वाक्प्रचार आहे, म्हणजे दिरंगाई न करता. तिथे ‘ऑपर्च्यून मॅनर’ कुणी म्हणत नाही. ताज्या प्रश्नावरचं पुस्तक किंवा लेखही ‘टाइमली’ असतो. आणि ‘टाइमली’च्या शेवटी ‘एल-वाय’ आहे म्हणून ते क्रियाविशेषण समजू नका. ‘ही केम टाइमली’ असं सर्रास लिहिलेलं दिसतं, ते कानाला खटकतं. ‘ही केम इन टाइम’ म्हणा.

आमच्याकडे ‘ऐनवेळी’ हा शब्द आहे. तो चालेल?

जपून! हा माझा आवडता खड्डा आहे, मी स्वतः त्यात पडलोय. ‘ऐनवेळी’ मराठीत दोन्ही बाजूंनी चालतो. ‘तो ऐनवेळी धावून आला’ यात उपकार आहे. ‘त्याने ऐनवेळी टांग दिली’ यात शिव्याशाप आहेत. शब्द तोच, वेळही बहुधा तीच, शेवटचीच घटका. पहिल्या वाक्याला ‘ही केम ॲट ॲन ऑपर्च्यून मोमेंट’ चालेल. दुसऱ्याला ‘ॲट द लास्ट मिनिट’ हवं. अनुवाद करताना ‘ऐनवेळी’ दिसलं की आधी पुढचं क्रियापद वाचा, मग शब्द निवडा.

‘नेमका’चंही असंच. ‘नेमका तेव्हाच तो आला’ हे वाक्य दोन सुरांत म्हणून पाहा, एकदा कौतुकाने, एकदा कपाळावर हात मारून. इंग्रजीत सूर कागदावर उतरत नाही, त्यामुळे ‘ऑपर्च्यून’ की ‘इनऑपर्च्यून’ हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

माणसाला ‘ऑपर्च्यून’ म्हणता येतं का?

नाही. हे विशेषण वेळेला, क्षणाला, घटनेला, कृतीला, बोलण्याला लागतं. ‘शी इज ऑपर्च्यून’ म्हणजे काहीच नाही. तिचं येणं ऑपर्च्यून असू शकतं, ती स्वतः नाही. लॅटिनमध्ये ते जागेलाही लागत असे, आणि जुन्या इंग्रजी लिखाणात मोक्याच्या जागेलाही कधीकधी लावलेलं दिसतं. आज तसं लिहू नका.

‘ऑपर्च्यून’ आणि ‘ऑपर्च्युनिस्टिक’ एकच ना?

अजिबात नाही, आणि याची किंमत मी मोजली आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका कार्यालयात पत्रव्यवहार माझ्याकडे होता. एक ज्येष्ठ पाहुणे सहज म्हणून आले, आणि त्याच दिवशी आमचं एक काम अडलं होतं. त्यांनी बसल्या बसल्या ते सोडवून दिलं. दुसऱ्या दिवशी आभाराचं पत्र मी लिहिलं. मोठा शब्द वापरायची हौस होतीच, म्हणून लिहिलं: ‘थँक यू फॉर युअर ऑपर्च्युनिस्टिक व्हिजिट.’ मला म्हणायचं होतं, आपण अगदी योग्य वेळी आलात. कागदावर उमटलं ते, ‘आपल्या संधिसाधू भेटीबद्दल आभार’. उत्तर एका ओळीचं आलं. आपण उपयोगी पडलो याचा आनंद आहे, ‘आय थिंक’. त्या शेवटच्या दोन शब्दांवर साहेब बराच वेळ हसत होते. मी नव्हतो हसत.

‘ऑपर्च्युनिस्ट’ म्हणजे संधिसाधू, वारा पाहून पाठ फिरवणारा. मराठीतही पाहा, ‘संधी साधली’ यात कौतुक आहे आणि ‘संधिसाधू’ ही शिवी आहे. एकाच धातूपासून दोन टोकं. ‘ऑपर्च्युनिस्ट’चा राजकीय इतिहासही असाच आहे. १८७०च्या दशकापासून फ्रान्समध्ये लेआँ गांबेता यांच्या मवाळ प्रजासत्ताकवाद्यांना हे नाव पडलं. सुधारणा एकदम नको, योग्य वेळ येईल तसतशा करू, असं त्यांचं धोरण. विरोधकांना ते अर्थातच तत्त्वशून्य वाटे. म्हणजे नाव ‘ऑपर्च्यून’ वेळेवरून पडलं आणि चिकटलं टोमणा म्हणून.

एक अपवाद आहे. वैद्यकात ‘ऑपर्च्युनिस्टिक इन्फेक्शन’ म्हणजे प्रतिकारशक्ती खचलेली पाहून होणारा संसर्ग. जीवशास्त्रातही हा शब्द प्राण्यांच्या खाण्याच्या सवयींबद्दल वापरतात, जे मिळेल ते खाणारे. तिथे निंदा नाही, नुसतं वर्णन आहे. माणसाबद्दल लिहिताना मात्र निंदाच होते.

‘कन्व्हीनियंट टाइम’ आणि ‘ऑपर्च्यून टाइम’ यात फरक काय?

सोय आणि साध्य यांतला. दुपारच्या सुट्टीत वरिष्ठ मोकळे असतात, तुम्हीही मोकळे असता. रजा मागायला ती वेळ कन्व्हीनियंट. पण परवाच काम मुदतीआधी संपवून दिलंय, साहेब खुशीत आहेत, तेव्हा जिन्यात गाठलं तर ती वेळ ऑपर्च्यून. जिन्यात गाठणं कुणाच्याच सोयीचं नसतं!

दुसऱ्याला वेळ विचारताना ‘कन्व्हीनियंट’च म्हणा. ‘प्लीज सजेस्ट ॲन ऑपर्च्यून टाइम टु कॉल’ असं लिहिलं तर समोरच्याला वाटेल, हा काहीतरी डाव टाकतोय.

‘ऑस्पिशस’ हा शब्द आम्हाला जास्त जवळचा वाटतो.

वाटणारच, कारण त्याचं मराठी तयार आहे: शुभ. लॅटिनमध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावरून शकुन पाहणाऱ्याला ‘आउस्पेक्स’ म्हणत, त्यावरून हा शब्द आला. ‘ऑस्पिशस’ वेळ शकुनाने ठरते आणि पुढे भलं होईल असं सुचवते. ‘ऑपर्च्यून’ वेळ समोरची परिस्थिती पाहून ठरते. मुहूर्त म्हणजे दिवसाचा तिसावा भाग, ४८ मिनिटं. तो शुभ असेल तर ‘ऑस्पिशस’. त्या ४८ मिनिटांत तुम्हाला हवा असलेला माणूस समोरून चालत आला तर तेवढा क्षण ‘ऑपर्च्यून’.

‘प्रपिशस’ हा या दोघांचा चुलत भाऊ, म्हणजे अनुकूल. तो वातावरणाला, परिस्थितीला, चिन्हांना लागतो. वाचताना ओळखता आला तरी पुरे.

‘फॉर्च्युनेट’ आणि ‘फॉर्च्युइटस’?

पहिला म्हणजे सुदैवी. दुसरा म्हणजे योगायोगाने घडलेला, मुळात चांगला असो की वाईट, आपल्या ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ची गाठ. पण हल्ली पुष्कळ इंग्रजही तो ‘सुदैवी’ याच अर्थाने वापरतात. ‘ऑपर्च्यून’ योगायोगाने घडू शकतं किंवा ठरवूनही घडवता येतं. विक्रेत्याने बेत आखून गाठलेली वेळसुद्धा ऑपर्च्यूनच.

याच्या उलट काय?

‘इनऑपर्च्यून’. खरं सांगायचं तर हा उलटा शब्द सुलट्यापेक्षा कामाला जास्त येतो, कारण आयुष्यात नको त्या वेळी घडणाऱ्या गोष्टी जास्त. भाषण रंगात असताना खिशातला फोन खणखणला, ‘ॲट ॲन इनऑपर्च्यून मोमेंट’. मराठीत ‘भलत्या वेळी’, ‘नको त्या वेळी’, ‘अवेळी’. यातला ‘अवेळी’ जरा तपासून घ्या. रात्री अडीचला आलेला फोन अवेळी असतो, पण बातमी तुम्ही वाट पाहत असलेलीच असेल तर तो इनऑपर्च्यून नाही.

‘अनटाइमली’ हा ‘टाइमली’चा विरुद्धार्थी, पण तो बहुतेक अकाली मृत्यूसाठी राखून ठेवलेला दिसतो: ‘अनटाइमली डेथ’. तिथे ‘इनऑपर्च्यून डेथ’ लिहिलंत तर अनर्थ होईल. मेलेल्याने आपली पंचाईत केली, असा त्याचा सूर लागतो. शोकसंदेशात ही चूक एकदा माझ्या नजरेस पडली होती. सुदैवाने पाठवण्याआधी.

‘इम्पॉर्च्यून’ हा त्याचाच भाऊ का?

भाऊ आहे, पण घराण्याचं नाव घालवलेला. लॅटिन ‘इम्पोर्तूनुस’ म्हणजे गैरसोयीचा, त्रासदायक. इंग्रजीत आज ‘इम्पॉर्च्यून’ हे क्रियापद म्हणून भेटतं: पिच्छा पुरवणं, सारखं मागे लागून मागणं. त्याचं विशेषण ‘इम्पॉर्च्युनेट’ म्हणजे चिकट, लोचट. ‘इनऑपर्च्यून’च्या जागी ते वापरू नका.

याच्या आधी ‘ॲट’ की ‘ऑन’ की ‘इन’?

‘ॲट’. ‘ॲट ॲन ऑपर्च्यून मोमेंट’. मराठीत आपण ‘वेळेवर’, ‘वेळेत’, ‘वेळी’ असं तिन्ही म्हणतो, म्हणून इंग्रजीत हात अडखळतो. पुढे काम सांगायचं तर ‘टु’ (‘ॲन ऑपर्च्यून टाइम टु इन्व्हेस्ट’), नाम असेल तर ‘फॉर’ (‘ऑपर्च्यून फॉर रिफॉर्म’). शब्द स्वराने सुरू होतो, म्हणून ‘अ’ नाही, ‘ॲन’. तर-तम करताना ‘मोर ऑपर्च्यून’, ‘मोस्ट ऑपर्च्यून’. शेजारी बसणारी नामं फार नाहीत: मोमेंट, टाइम, अरायव्हल, टाइमिंग, इंटरव्हेन्शन, रिमार्क. एवढ्यांवर बहुतेक काम भागतं. क्रियाविशेषण ‘ऑपर्च्यूनली’ आहे, पण ते जिभेवर अडतं, वाक्यच फिरवून लिहिलेलं बरं.

‘आय वॉज ऑपर्च्यून्ड टु मीट हिम’ असं कुठेतरी वाचलं. बरोबर आहे?

नायजेरियातल्या इंग्रजीत हा प्रयोग खूप आढळतो, ‘मला त्यांना भेटायची संधी मिळाली’ या अर्थाने. तिथे तो लोकांच्या तोंडात बसलेला आहे, प्रमाण इंग्रजीत मात्र चूक धरतात. तुम्ही ‘आय हॅड द ऑपर्च्युनिटी टु मीट हिम’ लिहा. अशा प्रादेशिक वळणांची मला तरी गंमत वाटते. स्कॉटलंड आणि दक्षिण आफ्रिकेत ‘टाइमली’च्या जोडीला ‘टाइमस’ असा वेगळाच शब्द वापरात आहे.

बोलताना वापरला तर भारदस्तपणा वाटेल का?

वाटेल, आणि थोडा जास्तच. मित्राला ‘यू कॉल्ड ॲट ॲन ऑपर्च्यून मोमेंट’ म्हणालात तर तो मागे वळून पाहील की कुणाशी बोलतोय. तिथे ‘गुड टाइमिंग!’ पुरे. पत्रात, अहवालात, लेखात, बैठकीत ‘ऑपर्च्यून’ शोभतो. ‘समयोचित’ जिथे तुम्ही मराठीत वापराल तिथे हा, आणि ‘बरा सापडलास!’ जिथे म्हणाल तिथे ‘गुड टाइमिंग’. एका पानावर दोनदा मात्र नको.

आपल्या म्हणी इंग्रजीत नेताना हा शब्द उपयोगी पडतो का?

थोडाफार. ‘तापल्या तव्यावर पोळी भाजून घेणं’ म्हणजे ऑपर्च्यून क्षण न दवडणं, पण म्हणीत एक हिशेबी चटका आहे, तो ‘ऑपर्च्यून’मध्ये उतरत नाही. कधीकधी तिथे ‘ऑपर्च्युनिस्टिक’च जास्त खरा ठरतो. ‘वरातीमागून घोडं’ आणि ‘बैल गेला नि झोपा केला’ या दोन्हींत वेळ टळून गेलेली आहे. तिथे ‘इनऑपर्च्यून’ लावण्याचा मोह होतो, पण तो चूक. इनऑपर्च्यून म्हणजे वेळ भलती, इथे वेळ उरलेलीच नाही. सरळ ‘टू लेट’ म्हणा. ‘बोलाफुलाला गाठ’ला ‘ऑपर्च्यून’ फार छान बसतो, नाव काढलं आणि माणूस दारात उभा, आणि त्याच्याशी काम असेल तर! काम नसेल तर नुसता योगायोग.

सरावाला काही वाक्यं द्याल?

घ्या. आधी स्वतः ठरवा, मग पुढचं वाचा.

‘पाऊस वेळेवर आला.’ सरळ ‘ऑन टाइम’. पण पेरणी होऊन चारच दिवस झालेत आणि सर आली, तर ‘द रेन वॉज ऑपर्च्यून’ म्हणायला हरकत नाही, कारण ‘कशासाठी?’चं उत्तर तयार आहे.

‘डॉक्टरांनी वेळीच निदान केलं.’ टाइमली.

‘आपल्या सोयीची वेळ कळवा.’ कन्व्हीनियंट. इथे चुकलात तर वरचं उत्तर पुन्हा वाचा.

‘तिने अचूक वेळ साधून विषय काढला.’ हा शंभर नंबरी ‘ऑपर्च्यून’: ‘शी रेझ्ड द सब्जेक्ट ॲट ॲन ऑपर्च्यून मोमेंट.’ ‘वेळ साधणं’ या मराठी क्रियापदाइतकं या विशेषणाच्या जवळ दुसरं काही नाही. शब्दकोशात प्रतिशब्द म्हणून विशेषणच शोधायची सवय असते, म्हणून हे क्रियापद कुणाच्या लक्षात येत नाही.

‘पाहुणे नेमके परीक्षेच्या आदल्या दिवशी टपकले.’ ‘टपकले’ने सूर सांगितलाच आहे. इनऑपर्च्यून.

‘ही गुंतवणुकीची वेळ आहे.’ इथे थांबा. बोलणारा सल्ला देतोय की माल खपवतोय? ‘ॲन ऑपर्च्यून टाइम टु इन्व्हेस्ट’ हे जाहिरातीचं लाडकं वाक्य आहे. व्याकरण बिनचूक, शब्दही चपखल. फक्त वारा कुणाला बंदराकडे नेतोय, ते त्यात लिहिलेलं नसतं.

‘ऑपर्च्यून’ला मराठीत एकच पक्का प्रतिशब्द सांगा.

एक नाही सांगता येणार. वेळेला लागला तर ‘मोक्याची’ किंवा ‘अनुकूल’. बोलण्याला लागला तर ‘समयोचित’. येण्याला लागला तर विशेषण सोडून द्या आणि लिहा, ‘अगदी वेळेला आलात’. ‘वेळेवर आलात’ नाही हं, ‘वेळेला आलात’. त्या पाहुण्यांना मला हेच लिहायचं होतं.